पाईपातली मासळी आणि गावठाणातली

मासळी पाईपात जमते, पण पाईपात वाढत नाही. एवढं एकच वाक्य मला सांगायचं होतं. ते सांगायला मला दोन वर्षं लागली, आणि सांगून झालं तेव्हा मी काय म्हणाले ते कोणी ऐकलंच नाही. मी बोलले, एवढंच सगळ्यांनी ऐकलं.

म्हणून लिहून ठेवते आहे. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. लिहायला वेळ लागतो, पण लिहिताना मधे कोणी बोलत नाही आणि मान खाली घालावी लागत नाही.

आमचं गाव धरणाच्या काठावर आहे. जिल्हा अमरावती, पण मासळीचा बाजार आम्हाला अकोल्याचा सोयीचा पडतो. घरची माणसं धरणात जाळं टाकतात आणि मी मासे कापते. सकाळी काठावर मासळी निवडायची, आणि आठवड्यातून तीन दिवस अकोल्याच्या बाजारात विळीवर बसायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, हेच काम. मरळ बुळबुळीत असते, ती राखेत घोळून धरावी लागते. बाकीची मासळी तशीच हाताला येते. पोट उघडलं की मासा काल काय खात होता ते दिसतं. पोटात शेवाळ आहे की झिंगे आहेत, अंडी धरली आहेत की नाहीत, हे आधी मला कळतं आणि मग गिऱ्हाइकाला. जाळं टाकणाऱ्याला ते कधीच कळत नाही. तो मासा मोजतो आणि टोपलीत टाकतो.

धरण झालं तेव्हा एक लहान गाव पाण्यात गेलं. माणसं वर येऊन राहिली, भिंती खाली राहिल्या. त्या जागेला आम्ही अजून गावठाणच म्हणतो. काळ्या दगडांच्या, मातीशिवाय नुसत्या एकावर एक रचलेल्या भिंती. उन्हाळ्यात त्यांची डोकी पाण्याबाहेर येतात, पावसाळ्यात त्यांच्यावर पुरुषभर पाणी चढतं. दगडांच्या फटी सारख्या नाहीत. कुठं बोट जाईल एवढी, कुठं मूठ जाईल एवढी, कुठं कळशी बसेल एवढी. भिंतींच्या कडेनं गवत माजतं. त्या गवतात मरळ अंडी घालते. पिल्लं निघाली की लाल मुंग्यांचा गोळा पाण्यावर तरंगावा तशी ती दिसतात आणि खाली त्यांची आई फिरत असते. वाम फटीत शिरते, मिशांचे मासे दगडाखाली खड्डा करतात. रोहू आणि कतला यांची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, आम्ही दरवर्षी विकत आणून सोडतो. मरळ, वाम, मिशांचे मासे कोणी आणून सोडलेले नाहीत. ते धरणाचे स्वतःचे, आणि ते गावठाणातून येतात.

गावठाणात जाळं फाटतं, ही मात्र खरी गोष्ट आहे. माझ्या नवऱ्याचं किती वेळा फाटलं ते त्यालाच माहीत. तो म्हणायचा, "गाव बुडलं, पण गावाले वेसण घालता नाई येत."

मग पाईप आले. मत्स्य खात्याच्या कचेरीचे एक साहेब आले, तरुण, पायात पांढरे बूट. मच्छीमार सोसायटीच्या लोकांना आमच्याच अंगणात बसवलं, कारण सोसायटीचे अध्यक्ष माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. मी चहा दिला आणि दाराआड उभी राहिले. साहेबांनी मोबाईलवर समुद्राचे फोटो दाखवले. समुद्रात पोवळ्यांचे खडक असतात, त्यात रंगीत मासे राहतात. खडक तुटले तर तिथं सिमेंटचे ठोकळे टाकतात, जुन्या बोटी बुडवतात, आणि मासे तिथं येऊन राहतात. तसंच आपण धरणात करायचं. पुलाखाली घालतात तसले सिमेंटचे पाईप तारेनं बांधून खोल पाण्यात सोडायचे. मासळीची घरं.

मोबाईल हातोहात फिरला आणि रिकाम्या कपांबरोबर माझ्या जावेच्या हातात आला, तेव्हा मीही पाहिला. ठोकळ्याभोवती मासेच मासे. सगळे मोठे. पोटं भरलेली. मला विचारायचं होतं की लहान कुठं आहेत. पण अंगणात भासरे बसले होते.

आमच्यात भासऱ्यांशी बोलत नाहीत. ते आले की पदर डोक्यावर घ्यायचा आणि बाजूला व्हायचं. तेही दारात खोकून आत येतात, म्हणजे मला उठायला वेळ मिळावा. मला काही सांगायचं तर ते भिंतीला सांगितल्यासारखं सांगतात, "तिले म्हणा, टोपल्या धुऊन ठेव." मी समोर असले तरी. त्यात त्यांचा काही वाईटपणा नाही. सासरे लवकर गेले, यांनीच माझ्या नवऱ्याला नावेवर शिकवून मोठं केलं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनीच गाडी बोलावली. पण मी तोवर त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते आणि मला त्यात काही कमी आहे असंही वाटलं नव्हतं. सांगण्यासारखं काही असेल तर ना.

पाईप टाकले आणि पहिल्याच वर्षी मासळी खूप मिळाली. हे मी खोटं सांगणार नाही. जाळं फाटत नव्हतं, मासा मोठा होता, आणि पाईपांवर थर्माकोलची खूण तरंगत होती म्हणून शोधावं लागत नव्हतं. पाईपांवर शेवाळ धरलं, झिंगे आले, हेही मला पोटांतून कळलं. नवरा खुश. मीही खुश होते.

पावसाळ्यात मला वेगळं दिसायला लागलं. दोन नावांची मासळी माझ्यापुढं दोन ढिगांत पडायची, एक पाईपांवरून आलेली, एक गावठाणातून. पाईपांवरच्या मिशांच्या माशाचं पोट उघडलं की आत बोटभर, नखभर पिल्लं निघायची. एकदा एका पोटात मरळीची नऊ पिल्लं निघाली, अजून लाल होती. आणि त्या ढिगात अंड्यांचा मासा क्वचितच. गावठाणातला मासा आकारानं लहान, पण पोटात अंड्यांची गाभोळी.

मी विचार केला आणि मला ते उघडच दिसलं. पाईपाचं तोंड दोन्हीकडून सताड उघडं, आतून गुळगुळीत, आणि सगळ्या पाईपांची तोंडं एकाच मापाची. तिथं मोठा मासा सावलीला बसतो आणि जवळून जाणाऱ्याला खातो. लहानाला लपायला बोटाएवढी फट नाही. पाईपाजवळची मासळी तिथं जन्मलेली नव्हती. गावठाणात वाढायची आणि पाईपांवर येऊन सापडायची.

माझं माहेर धामणगाव रेल्वे. तिथल्या फलाटावर सकाळी गाडीच्या वेळी एवढी गर्दी असते की पाय ठेवायला जागा नसते. म्हणून फलाटावर माणसं राहतात असं कोणी म्हणत नाही.

साहेब मोजायला आले ते वैशाखात, भर दुपारी. गावठाणात गुडघाभर कोमट पाणी होतं. तिथं जाळं फेकलं, तीन चिलाप्या आल्या, त्या तर कुठल्याही डबक्यात होतात. मग पाईपांवर टाकलं, तर दोघांना ओढेना. साहेबांनी लिहून घेतलं. जाळ्याजवळ उभं राहून फोटो काढला. वैशाखात गावठाणात मासा कसा असेल? तो खोल पाण्यात उतरतो, तेव्हाच तर पाईपांवर जमतो. श्रावणात या, असं मला सांगायचं होतं. मी काठावर टोपली धरून उभी होते आणि भासरे साहेबांच्या शेजारी होते.

घरी येऊन मी जावेला गाठलं. जाऊ माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. मी तिला मोठ्या बाई म्हणते.

"मोठ्या बाई, तुमी त्याईले सांगा. पाईपातल्या मासळीच्या पोटात पिल्लं असते आन् गावठाणातल्या मासळीच्या पोटात गाभोळी. थे पिल्लं गावठाणातूनच गेलेले असते. पावसाळ्यात गावठाणात जाळं टाकू नका म्हणा."

"एवढं मोठं?" जाऊ म्हणाली. "माह्या ध्यानात राहीन तेवढं सांगतो."

तिच्या ध्यानात काय राहिलं ते मला आषाढात कळलं. तिनं सांगितलं होतं, "थे म्हणते, गावठाणात गाभोळीची मासळी हाये."

तेव्हा मासेमारी बंद ठेवायची असते, हे सगळ्यांना माहीत आहे. बंदी दोन दिवस पाळतात आणि मग नावा गुपचूप निघतात, हेही सगळ्यांनाच माहीत आहे. पहाटे एका नावेऐवजी तीन नावा गावठाणात गेल्या. दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या बाजारात माझ्यापुढं मरळींचा ढीग पडला, सगळ्या पोटाशी फुगलेल्या. जठारपेठेतली एक बाई नेहमी माझ्याकडे येते, तिला गाभोळी वेगळी बांधून लागते.

"आज तर लॉटरीच लागली म्हणायची," ती म्हणाली. "इतकी कुठून काढली बाई?"

मी गाभोळी तिच्या पिशवीत टाकली.

"अशीच आणत जा. पुढच्या आठवड्यालाही ठेवजो."

दुपारपर्यंत मी गाभोळ्या काढत होते. हात पिवळे झाले. शेजारी बसणाऱ्या मुसलमान मावशीचा नवरा कोंबड्या विकतो. तिनं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "अंडेवाली मुर्गी काटो तो मुर्गी भी गई और अंडा भी. तुमारे घर में किसी को समझता नहीं क्या?"

समजतं, असं मी कसं म्हणणार? मीच सांगून पाठवलं होतं.

त्या श्रावणात गावठाणावर लाल पिल्लांचा एकच गोळा दिसला. आधी मी काठावरून चार-पाच तरी पाहायचे. जावेवर रागवायचा मला हक्क नव्हता. तिला जे उपयोगाचं वाटलं ते तिनं पोचवलं. पण मला रात्रंदिवस एकच वाटत राहिलं की निरोपात माझं वाक्य निम्मं कापलं गेलं आणि उरलं ते उलटं झालं.

पुढच्या उन्हाळ्यात काठाच्या रस्त्याचं काम निघालं. ठेकेदाराला दगड हवे होते. गावठाणात घडवलेले, आयते, पाण्याबाहेर आलेले काळे दगड पडले होते. त्यानं सोसायटीचं ना हरकत पत्र मागितलं. सगळेच राजी. जाळं फाटायचं थांबेल. मासळी तर आता पाईपांवर आहे, साहेबांनी लिहूनच नेलं आहे.

मी नवऱ्याला म्हणाले, "अवो, तुमी तरी सांगा."

"काय सांगू?"

"भिंती गेल्या तर दोन-तीन सालात पाईपंही रिकामे होतीन."

तो जाळं शिवत होता. "दादाले कोण सांगन? मी? दादा म्हणन, बायकोनं शिकवून धाडला."

"मंग शिकवून धाडला म्हणा."

"तुले काय वाटते, गोट्याले पोट्टे होते काय?" असं म्हणून तो हसला. त्याला ते चांगलं सुचलं म्हणून संध्याकाळी नावेवर सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी काठावर एकजण मला म्हणाला, "वहिनी, गोटे बाळंत झाले का?"

मी चिडले की माझा आवाज बंद होतो. मी घरी आले आणि चार दिवस नुसती मासळी निवडली. त्या चार दिवसांचं मला अजून वाईट वाटतं.

पाचव्या दिवशी सकाळी पाईपांवरून एक मोठा मिशांचा मासा आला. मी पोट उघडलं. आत अकरा मासे होते, कोवळे. मी ते धुतले, स्टीलच्या ताटलीत एका ओळीत मांडले आणि ताटली घेऊन अंगणात गेले. भासरे बाजेवर बसून चहा पीत होते. जाऊ चुलीपाशी होती. मी पदर डोक्यावर घेतला आणि मग पुढं काय करायचं ते सुचेना, कारण त्यांना काय म्हणून हाक मारायची हेच मला माहीत नव्हतं. एकोणीस वर्षांत कधी गरजच पडली नव्हती. मी हाक न मारताच सुरू केलं.

"हे पाईपातल्या एका माश्याच्या पोटातले. पाईपात मासळी जमते, वाढत नाई. हे लेकरं गावठाणातले हायेत. भिंती काढल्या तर पुढं पाईपात यायले कोणी उरणार नाई. फलाटावर गर्दी असते, म्हून थे गाव होत नाई. गोटे देऊ नका."

माझा आवाज मलाच परका वाटला. पण सगळं म्हणून झालं, एक शब्द न गाळता.

भासऱ्यांचा कप ओठांपाशी थांबला. त्यांनी ताटलीकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. मान वळवून त्यांनी तुळशीकडे तोंड केलं. त्यांचा कान लाल झालेला मला दिसला. मग ते जावेला म्हणाले, "तिले म्हणा, घरात जाय."

जाऊ उठून आली आणि तिनं माझा दंड धरला. "व माय, तुह्या अंगात काही आलं का? डायरेक्ट बोलून राहिली?"

"मोठ्या बाई, त्याईले ताटली पाहा म्हणा."

"ताटलीचं काय घेऊन बसली! चाल आत."

आत आल्यावर अंगणातून भासऱ्यांचा आवाज आला. ते जावेलाच सांगत होते, पण एवढ्या मोठ्यानं की मला ऐकू यावं. "कागद काल गेला. सही करून देल्ला. आता काय होते?"

काल. ज्या चार दिवसांत मी नुसती मासळी निवडत होते, त्यातला चौथा दिवस.

संध्याकाळपर्यंत गल्लीत एकच बोलणं. धाकटी भासऱ्यासमोर बोलली. पदर होता का? होता म्हणे. मोठ्यानं बोलली का? पार तुळशीपर्यंत ऐकू गेलं. काय बोलली, हे एकीनंही विचारलं नाही. नवरा आला. तो रागावला नाही, तेही मला सहन झालं नाही. तो म्हणाला, "मले सांगतलं असतं तर मी गेलो असतो." मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली आणि पाय धुवायला गेला. ताटलीतले मासे मांजरानं खाल्ले.

ट्रॅक्टर आठ दिवस चालले. मी काठावर होते, मासळी निवडायला मला तिथं जावंच लागतं. दगड उचलला की त्याच्या खालून ओली माती आणि वळवळणारी वाम निघायची. मजूर ती पकडून डब्यात टाकायचे. त्यांनाही त्या दिवसांत चांगलं कालवण मिळालं. शेवटी राहिलं ते एका विहिरीचं तोंड, कारण तिथं ट्रॅक्टर उतरत नव्हता.

पावसाळा आला, धरण भरलं. गावठाणावर जाळं आता सरळ जातं, कुठं अडकत नाही, सगळे म्हणतात काम मस्त झालं. श्रावणात मी नवऱ्याला म्हणाले, मला नावेतून घेऊन चला. त्यानं नेलं, यंदा थट्टा केली नाही. आम्ही सगळं गावठाण फिरलो. गवत होतं, थोडं. वाऱ्यानं ते इकडून तिकडं वाहत होतं, त्याला धरून ठेवायला भिंत नव्हती. मरळीच्या पिल्लांचा गोळा दिसला नाही. विहिरीच्या तोंडाशी पाणी दोनदा हललं, काय होतं ते कळलं नाही.

"अजून दिवस हायेत," नवरा म्हणाला.

मागच्या महिन्यात साहेब परत आले. पाईपांवर जाळं टाकलं. भरून आलं, पण सगळ्या चिलाप्या, आणि विकत आणून सोडलेली रोहू. साहेबांनी वजन केलं, लिहिलं, फोटो काढला. मग सगळे अंगणात बसले. मी दाराआड उभी राहिले नाही, बाहेर आले. एकदा बोलल्यावर जी नाचक्की व्हायची ती झाली होती, आणखी काय होणार होतं?

मी म्हणाले, "साहेब, यात मरळ एकही नाही. वाम नाही. मागच्या वर्षी होती. पाईपात मासळी वाढत नाही, ती गावठाणातून येत होती."

साहेबांनी मात्र ऐकलं. पेन हातात घेऊन ऐकलं. पोटात काय निघायचं तेही विचारलं, आणि मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मावशी, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. पुढच्या वर्षी आपण श्रावणात येऊ. पाईपांवरची आणि गावठाणातली, दोन्ही मासळी नीट ताडून पाहू."

"गावठाणातली कुठून आणता?" मी म्हणाले. "गोटे तुमच्या रस्त्याले लागले."

साहेबांनी भासऱ्यांकडे पाहिलं. भासऱ्यांनी जावेकडे पाहिलं आणि म्हणाले, "तिले म्हणा, साहेबासाठी चहा ठेव."

मी आत जाऊन चहा ठेवला.